डेस्कटॉप कितीही असोत, निवड एकदाच

लिनक्सचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो. ग्नोम डेस्कटॉपवर पीडीएफ एका प्रोग्राममध्ये उघडते, एक्सएफसीईवर दुसऱ्यात, केडीईवर तिसऱ्यात. तेव्हा सगळ्या मशीनवर एकच डेस्कटॉप बसवा आणि मोकळे व्हा! भूम-परंड्याकडच्या एखाद्या शाळेत हा सल्ला पाळून पाहावा. दोन जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ग्नोम धापा टाकतो, तिथे एक्सएफसीईच चालतो. म्हणून नव्या मशीनवरही ग्नोम नाकारायचा?

शिवाय इथे निदानच चुकलेलं आहे. डेस्कटॉप एकच असला तरी स्पष्ट निवड केलेली नसेल, तर पीडीएफवर हक्क सांगणाऱ्या प्रोग्रामांपैकी कुणाचाही नंबर लागू शकतो. डिजिटल सहीचा सातबारा वाचायला उघडावा आणि समोर गिम्प हा चित्रसंपादक यावा, हे त्यातूनच घडतं. गिम्प त्या कागदाचं चित्र करून ठेवतो. सही तपासायची सोय ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये आहे.

यावर तोडगा आहे, आणि तो जुना आहे. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाने ‘माइमॲप्स.लिस्ट’ ही साध्या मजकुराची फाइल ठरवून दिली. कोणत्या प्रकारच्या फाइलीला कोणता प्रोग्राम, एवढंच तीत ओळीओळीने लिहायचं. वेबदुव्यांसाठी कोणता ब्राउझर, तेही तिथेच. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई तिघेही ती वाचतात.

‘म्हणजे सक्तीच की!’ हा पुढचा आक्षेप. सक्ती कसली? सर्वांसाठीची फाइल ‘इटीसी’खालच्या ‘एक्सडीजी’ फोल्डरात असते, पण वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरातली तिच्या आधी वाचली जाते. एवढ्यावरही भागलं नाही, तर एकट्या ग्नोमपुरती ‘ग्नोम-माइमॲप्स.लिस्ट’ वेगळी ठेवता येते. मतभेदाची एवढी सोय करणारा नियम जाचक कसा म्हणावा?

कोणतं टर्मिनल उघडावं हे या फाइलीत ठरवता येत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. टर्मिनल हा फाइलीचा प्रकार नव्हे, त्यामुळे तो या यादीत बसत नाही. काही प्रोग्राम ही यादी डावलून आपलीच वेगळी नोंद पाळतात. दोष त्यांना द्यावा, डेस्कटॉपच्या विविधतेला नव्हे.

शाळेची लॅब किंवा सेवा केंद्र सांभाळणाऱ्यांनी पुढचं मशीन लावताना वॉलपेपर बदलण्याआधी ही एक फाइल लिहावी.