टाचा आपल्या, थेरं कुणाची?

पेडिक्युअर हा शब्द काढला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, "हं, पैसे जास्त झालेत!" आणि दुसरी, "माझी पार्लरवाली छान करते, नंबर देऊ का?" थोडक्यात, पाय धुणं, घासणं आणि नखं कापणं ही एक तर चैन, नाही तर विकत घ्यायची गोष्ट. मला दोन्ही साफ नामंजूर. आठवड्यातून अर्धा तास स्वतःच्या पायांकडे बघणं हे दात घासण्याइतकं साधं काम आहे आणि ते घरच्या घरीच करायचं असतं.

आधी चैनवाल्यांकडे वळते. त्यातले निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि ते इथे गुपचूप वाचतात हे मला ठाऊक आहे :)

तर मंडळी, तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतातच. ती आपोआप मऊ राहत नाही. त्यात आपल्या बायका ओट्यापुढे तासन्‌तास अनवाणी उभ्या. कातडी जाड होते, कोरडी पडते आणि एक दिवस वजनाने फाटते. रात्री पांघरुणाचा दोरा अडकतो ती भेग म्हणजे "वयानुसार होतंच" नव्हे, ती जखम आहे हो! तरी आपलं चालूच, "आता या वयात टाचा कुणाला दाखवायच्यात?"

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळपायांचे फोटो बघून आपण सगळे हळहळलो, आणि हळहळायलाच हवं होतं. पण घरातल्या बाईचे तळपाय शेवटचे कधी बघितलेत? तिने कोमट पाण्यात पाय घातले की लगेच "चाललीत थेरं".

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या घरात होतंच. न्हाणीघरात वज्री होती. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळलं जायचं. कोकणात भेगांवर कोकमाचं तेल लागायचं. तेव्हा त्याला कुणी नखरे म्हणत नव्हतं. नाव इंग्रजी झालं आणि पाप लागलं!

आता पार्लरवाल्यांकडे. सगळी पार्लरं वाईट असं मी म्हणत नाही. पण २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर न बरे होणारे फोड आले होते. पाय बुडवायच्या टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साठला होता, त्यात जंतू वाढलेले. घरचं घमेलं कसं, आपलंच असतं, आणि आपणच घासतो.

आणि करायचं तरी काय असतं? कोपराने तपासून कोमट पाणी घ्या, दहा मिनिटं पाय बुडवा. वज्री हलक्या हाताने फिरवा, एका दिवसात टाच गुळगुळीत करायचा हट्ट नको. ब्लेड तर अजिबातच नको. नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल गेलात तर नख मांसात वाढतं. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका, जंतूंना अडवणारी ती कडी आहे. मग बेचक्यांसकट पाय कोरडे करा, टाचांना कोकमाचं तेल किंवा युरियाचं क्रीम लावा (बेचक्यांत नको), मोजे घालून झोपा. झालं!

मधुमेह असेल तर मात्र वेगळं. पाय भिजत ठेवायचे नाहीत, टाच खरवडायची नाही, नुसते धुऊन पुसायचे आणि रोज आरसा धरून तळवे बघायचे. कारण अशा पायांची संवेदना कमी होऊ शकते. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या टाचेत टाचणी रुतली होती, त्यांना कळलंच नाही. घरात पाच माणसं, दिसली कुणालाच नाही. वास यायला लागल्यावर दवाखाना गाठला. दोन बोटं गेली. तेव्हापासून "थेरं" हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

काही जण म्हणतील, ज्यांना वाकताच येत नाही त्यांनी काय करायचं? बरोबर आहे. त्यांचे पाय घरातल्या दुसऱ्याने बघायचे, आणि हे काम सुनेचंच असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलांना, जावयांना, नातवंडांनाही दोन हात असतात.

आपण सणासुदीला थोरांच्या पायावर डोकं ठेवतो, आशीर्वाद घेतो आणि उठतो. पुढच्या वेळी वाकाल तेव्हा जरा तिथेच थांबा. टाच बघा, नखं बघा, बेचक्या बघा. नमस्कार तेवढाच पोचेल, बरं का!