तहान लागण्याआधीची विहीर

उमेदीची सारी वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली, की तिची किंमत कुणी आणि कशी ठरवली, हा प्रश्न त्याला आधी पडतो. कारखानदार खर्च मांडतो, त्यात नफा मिळवतो आणि मग किंमत सांगतो, ही जगाची रीत. आपल्या पुण्यात तयार झालेल्या एका लशीच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलट्या बाजूने मांडला गेला.

मेनिंगोकोकस नावाचा जंतू माणसाच्या नाकाघशात राहतो. साधारणपणे दहातल्या एकाच्या घशात तो असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण खोकल्या-शिंकांतून तो दुसऱ्याकडे जातो आणि एखाद्याच्या रक्तात शिरून मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. ताप येतो, मान आखडते. उपचार न झाल्यास निम्मे रोगी दगावतात आणि वाचलेल्यांपैकी काहींना जन्माचे बहिरेपण येते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या २६ देशांच्या पट्ट्यात डिसेंबरपासून कोरडे, धुळीचे वारे सुटतात, घशाचे अस्तर दुखावते आणि साथ येते. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार मेले.

मग लस नव्हती काय? होती. पण तान्ह्या मुलांना तिचा फारसा उपयोग नसे, काही वर्षांत तिचा असर ओसरे आणि घशातला जंतू काही हटत नसे. त्यामुळे साथ भडकली की मग टोचायला निघायचे. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार!

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशावर नवी लस करायचे ठरवले. आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांना आधी विचारले : तुम्हाला काय परवडेल? उत्तर आले, अर्ध्या डॉलरच्या आत. म्हणजे किंमत आधी ठरली, लस नंतर. या भावात मोठ्या परदेशी कंपन्यांशी बोलणी जमेनात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मात्र ते काम पत्करले. जंतूच्या वेष्टनातील शर्करेला धनुर्वाताच्या लशीतील प्रथिनाची जोड देण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून मिळाले आणि 'मेनआफ्रिव्हॅक' तयार झाली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. एक ते २९ वर्षांच्या साऱ्यांना सरसकट लस देण्यामागे हेतू होता. ही लस घशातल्या जंतूलाही थारा देत नाही, त्यामुळे न टोचलेले शेजारीही वाचतात. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि 'ए' गटाच्या जंतूची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

पण जंतूचे इतर गट शिल्लक होते. २०१७ मध्ये नायजेरियात 'सी' गटाच्या साथीने अकराशेहून अधिक बळी घेतले. पाच गटांवर चालणारी नवी लसही पुण्यातच झाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात सर्वप्रथम वापरात आणली.

इथेच मला खरी धास्ती वाटते. आजारी पडलेल्यांची मोजदाद होते, आजारी न पडलेल्यांची कोण करणार? साथ दिसेनाशी झाली की खर्चाला कात्री लावावीशी वाटते. परंतु दरवर्षी नवी मुले जन्माला येतात आणि त्यांच्या अंगात जुन्या मोहिमेचे संरक्षण नसते. बुडीत कर्जाची तरतूद चांगल्या वर्षातच करून ठेवावी लागते, हे बँकेतला साधा कारकूनही जाणतो. आरोग्याचा हिशेबही याहून वेगळा नाही. पुण्यातल्या लशीचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण गरिबाच्या खिशाकडे पाहून आधी किंमत ठरवण्याची ती रीत आपल्याच औषधांच्या दुकानात केव्हा येणार, हेही विचारावे.