तंबूतून पुढे कुठे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 2024 रोजी ग्रँट्स पास या ऑरेगनमधील लहान शहराच्या बाजूने निकाल दिला आणि सार्वजनिक जागेत पथारी पसरणाऱ्या बेघरांना दंड करण्याची मुभा शहरांना मिळाली. महिनाभरातच कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तंबूवस्त्या हटवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी जानेवारीतील एका रात्रीच्या गणनेत देशभरात 7,71,480 माणसे बेघर आढळली होती. ग्रँट्स पासचा दंड तेव्हा 295 डॉलर होता. भाड्याला महाग झालेला माणूस तो कुठून भरणार? तंबू उचलले की औषधे आणि ओळखपत्रे हरवतात, आणि माणूस पुढच्या पुलाखाली जातो. ही कारवाई क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे.

म्हणून परवानगी असलेल्या तंबूवस्त्यांची बाजू घ्यावीच लागते. पोर्टलंडमधील बेघरांनी 2000 साली उभारलेल्या छावणीतून ‘डिग्निटी व्हिलेज’ ही रहिवाशांनीच चालवलेली वस्ती साकारली. सिएटलने 2015 मध्ये अशा वस्त्यांना अधिकृत जागा दिल्या. शौचालय, पाणी, रात्रीची सुरक्षितता आणि ओळखीचे शेजारी यांचे मोल उघड्यावर झोपणाऱ्यालाच कळते. पण तात्पुरती सोय कायमची होऊ लागली, की सरकार घराचा प्रश्न सुटल्यासारखे वागू लागते. सॅन फ्रान्सिस्कोने कोविडकाळात चालवलेल्या छावण्यांत एका तंबूवर वर्षाला सुमारे 60 हजार डॉलर खर्च झाले. तेवढ्यात त्याच महागड्या शहरात भाड्याचे घर मिळाले असते.

ह्यूस्टनने आधी घर दिले, व्यसनमुक्ती आणि उपचार त्यानंतर. 2011 पासून तेथील बेघरांची संख्या 60 टक्क्यांहून अधिक घटली; वस्ती बंद करण्याआधी रहिवाशांना घर देऊ केले जाते. तिथे घरे स्वस्त आहेत, म्हणून हे जमले, असा आक्षेप येतो. तो खराच आहे, आणि दुखण्याचे मूळही तोच दाखवतो. व्यसनाने पोखरलेल्या वेस्ट व्हर्जिनियात बेघरांचे प्रमाण कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी कमी आहे, कारण तिथे भाडे परवडते. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने मुंबईच्या पदपथवासीयांची उपजीविका जगण्याच्या हक्कात गणली, पण पर्यायी निवारा ही सर्वांसाठी पूर्वअट केली नाही. त्यामुळे हक्क मान्य होऊनही माणसे उठवली जात राहिली. म्हणून अमेरिकी शहरांनी तंबूंना जागा देतानाच तेथील प्रत्येकाला घर कुठे आणि कधी मिळेल ते जाहीर करावे, आणि तोवर एकही तंबू उचलू नये.