मंडपेश्वराच्या क्रूसाची साक्ष

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात एका भिंतीवर क्रूस कोरलेला आहे. तो कोऱ्या पाषाणावर कोरलेला नाही. तेथील मूळचे शिवशिल्प तासून त्याच दगडातून हा क्रूस घडविला गेला. १५३४च्या वसई तहाने साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो द पोर्तो याच्या पुढाकाराने या शैव लेण्याचे चर्च झाले. नटराजाचे भव्य शिल्प भिंतीआड दडपले गेले. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पांच्या मोहिमेने साष्टी व वसई मुक्त झाली. आज हे लेणे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो क्रूसही त्याचाच भाग ठरतो.

याच देशात दुसऱ्या प्रकारचेही क्रूस आहेत. कोट्टयमच्या जुन्या चर्चमध्ये, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि गोव्यात आगशीला पहलवी लेख कोरलेले क्रूसशिल सापडले आहेत. ते पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके अगोदरचे. समुद्रमार्गे आलेल्या त्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना येथील हिंदू राजांनी आश्रय दिला, जमिनी दिल्या, मान दिला. त्यासाठी कोणाचे देऊळ तासावे लागले नाही. त्या शिळा हिंदू समाजाच्या औदार्याच्या साक्षी आहेत. मंडपेश्वराचा क्रूस सत्तेच्या उन्मादाची साक्ष आहे. दोन्ही जपल्या पाहिजेत, परंतु दोहोंना एकच अर्थ चिकटविणे हा इतिहासाशी द्रोह होय.

मंडपेश्वराचा क्रूस पुसून टाकावा, असे एखाद्याला वाटेल. तो विचार अनाठायी आहे. १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे, आणि पुरावा नष्ट करून अन्यायाचे परिमार्जन होत नाही. उलट, त्यामुळे अन्याय करणाऱ्याचीच सोय होते. आर्मेनियन क्रूसशिळांचे जुल्फा येथील प्राचीन दफनस्थळ २००५च्या अखेरीस उद्ध्वस्त झाले, तेव्हा एका समाजाच्या शेकडो वर्षांच्या स्मृतीचाच पुरावा गेला. मूर्तिभंजनाचे दुःख शतकानुशतके भोगलेल्या हिंदू समाजाने तो मार्ग धरणे त्याच्या संस्कृतीला शोभणारे नाही.

मागणी साधी आहे. लेण्यातील फलकावर मूळ शैव लेणे, त्याचे चर्च होणे आणि चिमाजीअप्पांची मोहीम हा सारा क्रम मराठीत, स्पष्ट शब्दांत लिहिला जावा. उपनगरातील शाळांच्या सहली तेथे जाव्यात. स्मारकाभोवतालच्या शंभर मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्राचे नियम कागदावर न राहता काटेकोरपणे पाळले जावेत. वारसा सर्वांचा, हे खरेच. पण सत्य सांगितल्याविना त्या वाक्याला अर्थ उरत नाही. दगड बोलत आहे. त्याचे म्हणणे पुरते ऐकण्याचे धैर्य शासनाने आणि समाजाने दाखवावे.