वसईचे दुभाषी संत

‘संत’ हा शब्द उच्चारला, की आपल्या डोळ्यांपुढे टाळ-मृदंग आणि चंद्रभागेचे वाळवंट उभे राहते. संताने अभंग रचलेले असावेत, निदान त्याच्या नावावर दोन-चार चमत्कार तरी असावेत, ही आपली अपेक्षा. या कसोटीला गोन्सालो गार्सिया उतरणार नाहीत. त्यांनी काव्य रचले नाही, ते धर्मगुरूही नव्हते. त्यांचे काम दुभाष्याचे. तरीही कॅथलिक चर्चने संत म्हणून मान्य केलेले ते पहिले भारतीय, आणि तेही आपल्या वसईचे!

आम्हा बावडेकरांना ख्रिस्ती म्हटले की कोल्हापुरातले वाइल्डर मेमोरियल चर्च आठवते. ते प्रॉटेस्टंट मिशनचे; तिथे संतांच्या मूर्ती नाहीत. त्यामुळे कॅथलिक संत ही कल्पनाच आपल्याला परकी. वर्गात मी हे नाव काढले तेव्हा एक मित्र चटकन म्हणाला, “पोर्तुगीजांचा संत. आपला काय संबंध?”

प्रश्न रास्त आहे. वसईत पोर्तुगीजांनी काय केले ते आपण इतिहासात वाचतो, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो किल्ला घेतला याचा अभिमानही बाळगतो. पण १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज शिपायाच्या घरी, इथल्याच मातेच्या पोटी जन्मलेल्या मुलावर तो हिशेब कसा मांडायचा?

हा मुलगा जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने आत्मसात केली. जेझुइट संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग गार्सिया व्यापारात पडले, त्यात जमही बसला. पण सारे सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी म्हणून. क्योटोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. आधी धर्मोपदेशक पाठवायचे आणि मागून सैन्य, अशी आमच्या राजाची रीत आहे, अशी बढाई त्या जहाजाच्या सुकाणूदाराने मारली म्हणतात. हिदेयोशीचा संशय पेटला. सव्वीस जणांना पकडण्यात आले. त्यांत बहुसंख्य जपानीच होते, एक तर बारा वर्षांचा पोर. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकले.

मला या कथेत बलिदानाइतकीच दुसरी गोष्ट मोठी वाटते. दोन्ही भाषा जाणणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा असतो, आणि वातावरण बिघडले की पहिला संशयही त्याच्यावरच येतो. हिदेयोशीने परदेशी धर्म आणि परदेशी सैन्य एकच मानले. चारशे वर्षांनंतर आमचा मित्र वेगळे काय बोलला? भाल्याऐवजी त्याच्या हातात चहाचा कप होता, एवढाच फरक!

१६२७ साली त्यांना ‘धन्य’ आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी ‘संत’ घोषित केले. चर्चची ही पद्धत चौकशीची आणि कागदपत्रांची. आपल्याकडे तुकोबांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही. मला आपली रीत अधिक भावते. असो.

ज्या मातीत ते जन्मले तिथले ख्रिस्ती आज मराठीत प्रार्थना करतात, घरी सामवेदीसारखी बोली बोलतात. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’ लिहून २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही कुरकुर करणारे निघालेच. मराठीच्या विद्यार्थ्याने तरी ती कुरकुर करू नये, असे मला वाटते.

आपल्या महाविद्यालयाची सहल वसईला गेलीच, तर किल्ला आपण पाहूच. येताना गासच्या चर्चमध्ये अर्धा तास थांबावे. ते गार्सियांच्याच नावाचे आहे.