शेवटचे कडवे कोणी कापले?

२००४ साली भारतीय संगीताने मोठी माणसे गमावली. १३ मार्चला उस्ताद विलायत खाँ गेले, ११ डिसेंबरला एम. एस. सुब्बुलक्ष्मी गेल्या. या दोन तारखांच्या मध्ये आणखी दोघे गेले. १५ मे रोजी लोककवी वामनदादा कर्डक आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. अवघ्या एकोणचाळीस दिवसांत आंबेडकरी गाण्याची लेखणी गेली आणि आवाजही गेला.

राष्ट्राच्या संगीताचा हिशेब मांडणाऱ्यांकडे मात्र रकाने दोनच: शास्त्रीय आणि फिल्मी. प्रौढपणी अक्षरे गिरवून हजारो गाणी लिहिणारे वामनदादा यांतल्या कोणत्या रकान्यात बसतात? प्रल्हाद शिंदे आषाढीला घराघरांत वाजतात, तेव्हा त्यांची जात कोणी विचारत नाही. तोच गळा भीमगीत गाऊ लागला की तो 'त्यांचा गायक' होतो! सुब्बुलक्ष्मी यांचा जन्म देवदासी परंपरेतील आईच्या पोटी झाला. १९९८ साली भारतरत्न मिळालेल्या त्या पहिल्या संगीत कलावंत. त्यांची साधना थोरच, पण त्यांचा गौरव करताना त्या परंपरेचे नाव किती जणांनी घेतले?

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'वीर-झारा' हा चित्रपट आला. त्याचे संगीतकार मदनमोहन. ते १९७५ सालीच वारले होते. त्यांच्या न वापरलेल्या चाली मुलाने जपून ठेवल्या, त्यावर गाणी बांधली गेली आणि श्रेय त्यांच्याच नावाने दिले गेले. हे योग्यच झाले. कलावंत मेला तरी त्याचे नाव मरू नये, याची ती रीत आहे.

आपली रीत याहून जुनी आहे. कवीने शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. तुकोबांपासून वामनदादांपर्यंत हेच चालत आले. पोलादपूर, महाड, खेडच्या वाड्यावस्त्यांत रंगणाऱ्या शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांनाही ते ठाऊक आहे. ज्याच्याकडे छापखाना नाही, करारपत्र नाही, त्याचे हे कॉपीराइट! गायन पार्टीचा गायक शेवटच्या कडव्याला आला की ढोलकी थांबायची, कवीचे नाव स्पष्ट ऐकू यायचे.

आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाणे वाजते ते मुखडा आणि एखादे कडवे. बाकी ठोका. कवीचे नाव ज्यात आहे तेच कडवे पहिल्यांदा कापले जाते. हे काम कोणा प्रस्थापिताने केलेले नाही. हे आपलीच पोरे करतात, आपल्याच वर्गणीतून. मोबाइलवर गाणे चढवणाराही गायकाचे नाव टाकतो, साऊंड सर्व्हिसचे टाकतो, कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहून मोकळा होतो. ज्या गाण्याचा कवी कालपरवापर्यंत आपल्यात होता ते पारंपरिक कसे?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हापासून महाड हे आपल्या गाण्याचेही गाव झाले. दक्षिणेकडची माणसे कशेडी घाट उतरून पोलादपूरमार्गे इथे यायची आणि परतताना पिशवीत पुस्तकाबरोबर कॅसेट असायची. पुढे सीडी आली, तीही गेली. आता ती गाणी ऐकायला घरात यंत्र नाही आणि कॅसेटची फीत चिकटलेली. नामांकितांच्या गाण्यांचे काही ना काही होईल. पण मुंबईत गिरणीत राबून गावच्या जयंतीसाठी गाणी लिहिणाऱ्या चाकरमान्याची वही? ती फक्त त्याच्या घरच्या पेटीत आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. माणसे गेली, संसार गेले. त्या चिखलात अशा किती वह्या गेल्या असतील, त्याची मोजदाद कोणत्या पंचनाम्यात होणार?

सरकारने संग्रहालय काढावे ही मागणी रास्त आहे, ती करत राहू. पण तोवर थांबायचे कशाला? ज्या घरात अशी वही किंवा कॅसेट असेल त्या घराने येत्या २० मार्चला ती महाडला सोबत आणावी. पानापानाचा फोटो काढायला आणि कवीचे नाव-गाव लिहून घ्यायला क्रांतिस्तंभाजवळ एक टेबल आणि दोन शिकलेली पोरे पुरेत.