सुरांचा सातबारा

दोन गुंठे जागा घ्यायची झाली तरी आपला माणूस आधी सातबारा काढतो. नाव कोणाचं आहे ते बघतो, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही ना, याची दोनदा खात्री करतो. तोच माणूस जाहिरात, लघुपट किंवा मालिका काढायला बसला, की मागे वाजणारं संगीत कोणाच्या नावावर आहे हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही.

कुठल्याही एडिट रूममध्ये तासभर बसून पाहा. संकलकाच्या हार्ड डिस्कवर ‘बीजीएम’, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक, नावाचं एक फोल्डर असतं. आत ‘इमोशनल’, ‘सस्पेन्स’, ‘कॉर्पोरेट’ अशी पोटफोल्डरं, आणि त्यांत गेल्या पाच-सात वर्षांत कुठून कुठून उतरवलेले शेकडो तुकडे. ‘तूर्तास हा लावून ठेवू’ म्हणून एक तुकडा दृश्याखाली बसतो. दहा वेळा बघितल्यावर तो दिग्दर्शकाच्या कानात असा मुरतो, की दुसरं काही गोड लागत नाही. फिल्म वाहिनीकडे जाते आणि तिकडून एका ओळीची मेल येते: संगीताचं लायसन्स पाठवा. मग फोनाफोनी सुरू. शेवटी निर्मात्याचं ठरलेलं उत्तर: ‘अहो, ते रॉयल्टी-फ्री आहे!’

रॉयल्टी-फ्री म्हणजे सातबारा कोरा नव्हे. ठरलेली रक्कम एकदा भरली की दर वापरामागे पुन्हा पैसे मोजायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. जमीन मालकाचीच राहते, आपण ती खंडाने घेतलेली असते, आणि खंडाला अटी असतात. यूट्यूबपुरता घेतलेला परवाना चित्रपटगृहात किंवा टीव्हीवरच्या जाहिरातीला चालेलच असं नाही. वर्गणी भरून संगीत देणाऱ्या अनेक सेवांत वर्गणी थांबली की नव्या कामात ते वापरता येत नाही. शिवाय वर्गणी संकलकाच्या नावावर असेल, तर परवानाही त्याच्याच नावावर निघतो. तो दुसरीकडे कामाला लागला, की निर्मात्याच्या हातात काय उरलं?

असं तयार संगीत परवान्यावर देण्याचा, म्हणजे स्टॉक म्युझिकचा, धंदा काही इंटरनेटने काढलेला नाही. लंडनच्या डी वुल्फ या संस्थेची सुरुवात 1909ची. तेव्हा मूकपटांना साथ करण्यासाठी संगीत लागायचं. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रित संगीताचं भांडार उभं राहिलं. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या 1975च्या चित्रपटात याच भांडारातलं संगीत आहे. ‘कर्ब युअर एन्थुझियाझम’ या अमेरिकी मालिकेची जगभर ओळखली जाणारी धूनही मालिकेसाठी बांधलेली नाही. संगीतकार लुचियानो मिकेलिनी यांनी ती 1974च्या एका इटालियन चित्रपटासाठी केली होती. मालिकेचे कर्ते लॅरी डेव्हिड यांनी ती एका बँकेच्या जाहिरातीत ऐकली आणि रीतसर घेतली. तयार सूर वापरण्यात कमीपणा काहीच नाही. त्या लोकांनी कागद केला, आपण करत नाही, फरक एवढाच.

आपला कायदाही कागदच मागतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर परवाना भारतापुरता समजला जातो. म्हणजे चार ओळींच्या मोघम चिठ्ठीवर घेतलेलं संगीत सहाव्या वर्षी आपलं नसतं, आणि फिल्म ओटीटीवरून दुबईत दिसू लागली की त्याच दिवशी नसतं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. तरी ‘कोण बघतंय?’ हा आपला ठरलेला सवाल. उत्तर असं, की आता माणसाने बघायची गरजच उरलेली नाही. व्हिडिओ चढवला, की यूट्यूबची यंत्रणा त्यातले सूर नोंदवलेल्या मालाशी ताडून बघते आणि मालकाचा दावा थेट तुमच्या खात्यावर येऊन बसतो.

जुन्या संगीताबाबत तर दुहेरी घोटाळा होतो. ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक 1916चं. चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, पदं लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 मध्ये. मृत्यूनंतर 60 वर्षांचा हिशेब धरला, तर पदं आणि चाली केव्हाच सर्वांच्या झाल्या. तेवढ्यावर कुणी 1970 साली बाजारात आलेली त्यातल्याच एखाद्या पदाची रेकॉर्ड उचलून जाहिरातीखाली लावली, तर फसला. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर 60 वर्षे, म्हणजे इथे 2030 अखेरपर्यंत चालतो. एकाच गाण्याचे दोन गट नंबर, दोन मालक. पद स्वतः गाऊन घ्या, कोणी अडवणार नाही. रेकॉर्ड लावायची तर कंपनीचं दार वाजवा.

आता नाण्याची दुसरी बाजू. परदेशी भांडारात ‘इंडिया’ असं शोधलं, की सतार, तबला, बासरी यांची रांग लागते. संबळ, हलगी, दिमडी यांच्यासाठी फार खणावं लागतं. म्हणून साताऱ्याच्या गुळाच्या जाहिरातीमागेही तीच ‘इंडियन’ सतार वाजते. हलगीवाले आपल्याकडे कमी नाहीत. पण हलगीवाल्याला स्टुडिओत बोलावतात, दिवसाची बिदागी हातावर ठेवतात, आणि तो तुकडा पुढे कुठे, किती वेळा वाजणार हे त्याला कोणी सांगत नाही. रीतसर नोंद नाही, म्हणून विक्री नाही. विक्री नाही, म्हणून पुढचा परतावाही नाही. 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीत वाटा मिळाला आणि तो लिहून देऊन सोडताही येत नाही. पण टीव्हीवर वाजलेल्या प्रत्येक तुकड्याची वेळ आणि कर्त्याचं नाव नोंदवणारी क्यू शीट कोणी भरलीच नाही, तर तो वाटा मोजायचा कशावरून?

फुकटचा सूर लावणारा आणि हलगीवाल्याकडून कागदाविना तुकडा घेणारा निर्माता हे एकच गृहस्थ आहेत. संगीत तोंडी व्यवहारात भागतं, ही त्यांची दोन्हीकडची समजूत. आपल्या लहानातल्या लहान फिल्मच्या अंदाजपत्रकातही चहा-नाश्त्याची ओळ असते. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा: संगीत परवाना. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण कागद निर्मात्याच्या नावावर हवा आणि पहिला कट बघण्याच्या आधी हवा.